दहावं नाव

राष्ट्रीय सेवा योजनेत पोरं कशासाठी जातात हे आमच्या उमरग्याच्या कॉलेजात कुणी लपवून ठेवत नाही. दोन वर्षं काढायची, दर वर्षी एकशेवीस तास भरायचे, सात दिवसांचं एक शिबिर करायचं, की दहा गुण वाढवून मिळतात. शिवाय शिबिरात पोरंपोरी एकत्र असतात, मास्तर लोक जरा सैल असतात आणि शेवटच्या दिवशी जेवणात शिरा असतो. आमचा विद्यार्थी प्रतिनिधी उत्कर्ष बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "गुण का शिरा?" पोरं हसायची आणि दोन्हीतलं एक सांगायची. मी म्हणाले, "सेवा." फॉर्म भरता भरता तो थांबला, मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मग जरा जपून."

मला त्याचा रागच आला. मी पहिल्यापासून अशीच. वर्गात फळा पुसायचा असला तरी पहिला हात माझा वर. आपल्या हातून कुणाचं तरी भलं व्हावं याची मला हौस होती. हौसच म्हणते, दुसरा शब्द सापडत नाही. आमच्या शंभराच्या पथकात दहा गुणांसाठी आलेल्या बाकीच्या नव्व्याण्णव जणांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते मी केलं.

माझं नाव शिवरंजनी. हायवेला लागून आमचं दुकान आहे, ट्रकवाल्यांना लागणारी ताडपत्री, दोरखंड, साखळ्या असलं सगळं तिथं मिळतं. घरात आम्ही कानडी बोलतो, दारात मराठी आणि गिऱ्हाईक हैदराबादचं असलं तर अप्पा दखनीही बोलतात. अप्पांचं नाव शरणबसप्पा. शिबिराचं नाव काढल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. मग आमचे कार्यक्रम अधिकारी, इतिहासाचे बिभीषण सुरवसे सर, स्वतः दुकानात येऊन चहा पिऊन गेले. मुली ग्रामपंचायतीच्या हॉलात झोपणार, मुलं शाळेत, सोबत दोन शिक्षिका असणार, असं सगळं त्यांनी समजावलं. अप्पा शेवटी हो म्हणाले, पण जाताना मला एक गोष्ट बोलले. "दोर देताना मी आधी ओढून बघतो. तू कुणाला शब्द देशील तर तसाच ओढून बघून दे."

आमचं दत्तक गाव उमरग्यापासून बावीस किलोमीटर, कर्नाटकाच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा यात काही दोष नाही. दत्तक घेतलं म्हणजे काय केलं, तर तीन वर्षं जानेवारीत तिथं शिबिर लावलं. दत्तक घेतलेल्या लेकराला निदान जेवायला घालतात. आम्हीच त्या गावचं सात दिवस खाल्लं.

सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी नाटुकली आणि गाणी. श्रमदानात पहिल्या दिवशी हातपंपाजवळ शोषखड्डा खणायला घेतला. माती फार भुसभुशीत लागली म्हणून मी खूश झाले, तेव्हा उत्कर्षनं हळूच सांगितलं की मागच्या वर्षीचाच खड्डा आहे, पावसाळ्यात बुजतो, म्हणून तर इथं लवकर होतं. मी सरांकडं तक्रार घेऊन गेले. सर म्हणाले, बुजला असला तर खणायलाच पाहिजे ना. मी परत जाऊन फावडं उचललं.

दुसऱ्या दिवशी भिंती रंगवायच्या होत्या. गावात शिरताना पहिलंच घर शांताक्काचं, भिंत रस्त्याकडं तोंड करून, फोटोला चांगली. तिथं आमचं ब्रीदवाक्य लिहायचं ठरलं, 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी.' शांताक्का दारातल्या कट्ट्यावर वाकळ शिवत बसली होती. सत्तरीची, अंगानं काटक, एकटीच राहायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायची, त्यावर तिचं चालायचं. तिचं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. मी कानडीत 'अव्वा', म्हणजे आई, अशी हाक मारली तेव्हा तिनं सुई थांबवली आणि मला जवळ बोलावून हनुवटी धरून बघितलं. फार जवळून बघितलं.

तिचा डावा डोळा लहानपणीच कडब्याचं धाट लागून गेला होता. सगळा संसार तिनं उजव्यावर केला, आणि आता त्यातही मोतीबिंदू उतरला होता. वाकळीचे टाके ती बोटांनी चाचपून घालायची, ते तिला जमायचं. सुईत दोरा ओवणं मात्र जमायचं नाही. म्हणून दारावरून जो कोणी जाईल त्याला ती बोलवायची आणि एकदम दहा-बारा सुया ओवून घ्यायची. त्या दोऱ्यासकट एका जुन्या उशीला टोचून ठेवायची. त्या आठवडाभर पुरायच्या. आमच्या पोरी भिंत रंगवत होत्या आणि मी सुया ओवत होते. संपूर्ण शिबिरात आमच्याकडून झालेलं तेवढंच काम मला खरं वाटतं.

पाचव्या दिवशी नेत्रतपासणी होती. एका धर्मादाय दवाखान्याचे दोन डॉक्टर आणि एक समन्वयक जीप घेऊन आले. आजूबाजूच्या पाच गावांतून त्रेसष्ट माणसं आली. त्यातल्या दहा जणांना ऑपरेशन लागेल असं निघालं. यादी मी लिहिली. नऊ जण बाकीच्या गावांतले, दहावं नाव शांताक्काचं. समन्वयक म्हणाला, पुढच्या आठवड्यातला गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी गाडी पाठवतो. नेणं, आणणं, जेवण, चष्मा, सगळं फुकट. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, दहाच्या खाली पेशंट असले तर गाडी निघत नाही. सरांनी दहा जणांना फोन करून गोळा करायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मला आकाश ठेंगणं झालं.

शिबिर संपायच्या दिवशी शांताक्काच्या दारात टेम्पो उभा दिसला. तिच्या भावाचा मुलगा नंदीश आला होता. तो नळदुर्गला असायचा, दर सोमवारी टोमॅटो घेऊन सोलापूरला जायचा. तिथल्या एका दवाखान्यात त्यानं आत्यासाठी तारीख घेतली होती. सोमवारी टेम्पोतच पुढं बसवून नेणार आणि बुधवारी आणून सोडणार, असं सगळं ठरवून आला होता. शांताक्का मला आनंदानं सांगत होती, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू होता. दहातून एक गेला की नऊ.

मी नंदीशला म्हणाले की काही गरज नाही, आमची गाडी येणारच आहे. टेम्पोत हाडं खिळखिळी होतील, त्यापेक्षा आमच्याबरोबर येऊ दे, मी स्वतः बरोबर जाणार आहे. तो ऐकून घेत होता. मग त्यानं विचारलं, "गाडी येईलच कशावरून?"

"मी शब्द देते."

"तुमी फर्स्ट इयरला हाव न्हाय का?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. पण मला तो टोमणाच लागला. मी त्याच्याकडं पाठ केली आणि शांताक्काशी कानडीत बोलले. मी तिला खोटं काही सांगितलं नाही. तेच तर वाईट. मी तिला सरळ सांगितलं की अव्वा, तुम्ही सोमवारी गेलात तर यादीत नऊच राहतात आणि नवांसाठी गाडी येत नाही. तुमच्यावाचून त्या नऊ जणांचं अडेल.

शांताक्का थोडा वेळ उशीवरच्या सुया चाचपत राहिली. मग नंदीशकडं तोंड करून म्हणाली, "राहू दे रं सोमवारचं. माझ्यापायी नऊ जणांचं कशाला? म्या जाते ह्यांच्या गाडीतनं."

नंदीश तिला समजवायला लागला. तिनं हात हलवून त्याला गप्प केलं. माझ्याकडं वळून विचारलं, "तंगी, भिंतीवर काय लिवलंय म्हनलीस?" तंगी म्हणजे धाकटी बहीण, पण आमच्याकडं पोरीबाळींना अशीच हाक मारतात. मी तिला ब्रीदवाक्य परत सांगितलं. ती म्हणाली, "मग? माझ्याच भिंतीवर हाय की." आणि हसली. नंदीशनं जाताना मला त्याचा नंबर दिला. काही कमीजास्त झालं तर सांगा, म्हणाला, दर सोमवारी मी सोलापूरला जातोच.

त्या गुरुवारी मी पहिल्या एसटीनं गेले. शांताक्का सात वाजल्यापासून फाट्यावरच्या लिंबाखाली बसली होती. पिशवीत एक लुगडं, तांब्या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, माझ्यासाठी पण. नवं लुगडं नेसली होती. आम्ही तीन वाजेपर्यंत बसलो. तिनं मला तिच्या लग्नातल्या गमती सांगितल्या, मी तिला अप्पांच्या दुकानातल्या. दर पंधरा मिनिटांनी मी सरांना फोन लावत होते. शेवटी सरांचाच फोन आला की दुसऱ्या तालुक्यात एकदम बत्तीस पेशंट निघाले, गाडी तिकडं वळवली, पुढच्या गुरुवारी नक्की. भाकरी आम्ही दोघींनी खाल्ली आणि मी तिला हाताला धरून घरी सोडलं. निघताना दहा सुया ओवून दिल्या.

पुढच्या गुरुवारीही गाडी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. यादीतले बाकीचे लोक मला फोन करायचे. त्यातले एक हिंमतराव म्हणून होते, ते दर गुरुवारी सकाळी बरोब्बर सातला फोन करून विचारायचे, "बाई, निघू का?" मी म्हणायची, आज नको काका, आज नाही. ते "बरं" म्हणून फोन ठेवायचे. एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

सुरवसे सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडं इतिहासाचे तीन वर्ग, परीक्षा विभाग, आमचं पथक आणि त्या वर्षी कॉलेजला मूल्यांकनाची समिती येणार होती तिची सगळी कागदपत्रं. गाडीचं भिजत घोंगडं त्यांच्यासाठी विसाव्या नंबरचं काम होतं. मी फार मागं लागले की ते माझ्यासमोर फोन लावायचे, समन्वयक "बघतो सर" म्हणायचा आणि सर मला म्हणायचे, "बघ, बघतो म्हणाला."

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला शिबिराचा अहवाल लिहायला बसवलं, कारण माझं अक्षर आणि मराठी दोन्ही चांगलं. नेत्रतपासणीपाशी येऊन मी अडले. सरांनी घड्याळाकडं बघितलं. "होणारच आहे ना? मग झालं म्हणून लिही. अहवाल मार्चच्या आत विद्यापीठात गेला पाहिजे, ऑपरेशन पंधरा दिवस इकडंतिकडं झालं तर कोण बघतंय." मी लिहिलं, दहा ज्येष्ठ नागरिकांवर मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया करण्यात आली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

एवढ्यावर थांबले असते तर सरांच्या नावावर खपवता आलं असतं. पण मला लिहिता येतं ना. ते वाक्य मला कोरडं वाटलं म्हणून मी स्वतःच्या मनानं पुढं लिहिलं की गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या एका आजींनी शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सुईत दोरा ओवला. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. खरंच आले होते, हे आठवलं की स्वतःची शिसारी येते.

मार्चमध्ये समन्वयकानं सांगितलं की त्यांचं वर्षाचं टार्गेट पूर्ण झालं, आता एप्रिलनंतर. एप्रिलमध्ये म्हणाला, उन्हाळ्यात नको, जखम चिघळते. मग आमच्या परीक्षा लागल्या.

नंदीशचा नंबर या सगळ्या दिवसांत माझ्या फोनमध्ये होता. एक फोन करून 'आत्याला घेऊन जा' एवढंच सांगायचं होतं. मी केला नाही. का केला नाही याची मी स्वतःला बरीच कारणं दिली, पण खरं एवढंच की त्यानं विचारलं होतं, येईलच कशावरून, आणि मी त्याच्यापुढं तोंडावर पडायला तयार नव्हते. शिवाय अहवालात झालेलं ऑपरेशन सोलापुरात परत कसं करायचं, असाही एक मूर्ख विचार डोक्यात होता. कागदावर लिहिलेलं खरं करायला गाडीच आली पाहिजे, असं मला वाटत राहिलं. जूनमध्ये एकदा धीर करून फोन लावला तर नंबर बंद होता. नंतर कळलं की त्यानं टेम्पो विकला आणि हैदराबाद लाइनच्या ट्रकवर गेला.

ऑगस्टमध्ये शांताक्काच्या शेजारच्या कमलबाईंचा फोन आला. तीन दिवसांपासून म्हातारीचं डोकं फुटतंय, उलट्या होतायत, डोळा लालभडक झालाय. आधी पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं, मग औषधाच्या दुकानातून थेंब आणून टाकले, पण फरक नाही. मी तास सोडून गेले. शांताक्का अंधाऱ्या खोलीत भिंतीला कपाळ टेकून बसली होती. मी जीप करून तिला उमरग्याला आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात घट्ट धरायची.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. मोतीबिंदू पिकून फुगला, त्यानं डोळ्यात दाब वाढला, आतली नस मेली. दुखणं थांबवता येईल, नजर आता येणार नाही. दुसऱ्या डोळ्याचं विचारलं त्यांनी. तो लहानपणीच गेलाय आणि या डोळ्यातला मोतीबिंदू जानेवारीच्या तपासणीत निघाला होता, असं मी सांगितलं.  ते म्हणाले, "जानेवारीत आणलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं. तुम्ही कोण यांच्या?" मी म्हणाले, राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका. त्यांनी मान हलवली आणि वरातीमागून घोडं घेऊन आल्याबद्दल मला शाबासकी दिली, म्हणजे हल्लीची पोरं एवढं तरी कुठं करतात, असं म्हणाले.

बाहेर येऊन मी शांताक्काला सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजे आता न्हायच?" मी न्हायच म्हणाले. ती तिथंच दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली की घरी चूल झाकून आलेय का नाही आठवत नाही, लवकर जाऊ.

चोवीस सप्टेंबरला आमच्या योजनेचा स्थापना दिवस असतो. त्या दिवशी उत्कृष्ट स्वयंसेविका म्हणून माझं नाव पुकारलं. विद्यापीठाला आमचा अहवाल आवडला होता. पाहुण्यांनी भाषणात त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं, तेच, सुईदोऱ्याचं. सभागृहात टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मी हातात घेतलं. नाही म्हणता आलं असतं. माईक समोरच होता. पण पहिल्या रांगेत अप्पा बसले होते, दुकान बंद करून आले होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी माईकसमोर "धन्यवाद" म्हणाले आणि खाली उतरले.

कार्यक्रमानंतर नवीन मुलामुलींची नोंदणी होती. उत्कर्ष पास होऊन गेला होता, त्याच्या खुर्चीवर सरांनी मला बसवलं. आरोही नावाची पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. तिला मी गुण का शिरा विचारलं नाही. तिनं स्वतःच सांगितलं की मॅडम, ते सुईदोऱ्याचं ऐकून माझ्या अंगावर काटा आला, मला पण असं काहीतरी करायचंय. मी तिचं नाव लिहून घेतलं. दुसरं काय करणार होते.

दुसऱ्या दिवशी मी श्रीफळ पिशवीत घालून एसटीत बसले. सगळं सांगायचं असं ठरवून निघाले होते. गाडी आलीच नाही. तुमच्यासकट दहाही जणांसाठी आली नाही. दोघे आपापले लातूरला जाऊन करून आले, एक जण वारले, बाकीचे तसेच आहेत, हिंमतरावांचा फोनही आता येत नाही. मी तुम्हाला थांबवलं ते आकडा भरायला. आणि मी लिहून दिलंय की तुम्हाला दिसतं. हे कानडीत कसं म्हणायचं ते बावीस किलोमीटर मी तोंडातल्या तोंडात घोकत होते. वाकून पाया पडेन, ती मारेल तर मार खाईन, असंही ठरवलं होतं. तिनं मारावं अशी माझी फार इच्छा होती.

शांताक्का कट्ट्यावर बसली होती. मागं भिंतीवर आमची अक्षरं पावसानं फिकट झालेली. मांडीवर वाकळ नव्हती. उशी शेजारीच होती, तिच्यावर मी ऑगस्टच्या आधी कधीतरी ओवून दिलेल्या पाच-सहा सुया तशाच होत्या, दोरा लोंबत होता आणि सुयांना गंज धरला होता.

"तंगी?" माझ्या चपलेवरून तिनं ओळखलं. जवळ बसवून घेतलं, अप्पा कसे आहेत, परीक्षेत पास झालीस का, सगळं विचारलं. मी नारळ तिच्या हातात दिला. कशाचा म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, कॉलेजात मिळाला. तिला आनंद झाला. कमलबाई दोन्ही वेळेला भाकरी आणून देते, म्हणाली, परसाकडं जाताना दोर बांधून घेतलाय भिंतीपासून, त्याला धरून जाते. तो दोर आमच्याच दुकानातला होता. मीच आणून दिला होता, ओढून बघून.

मी तोंड उघडलं. "अव्वा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मला सांग," ती म्हणाली. "लई दिस झालं इचारीन म्हनते. त्या नऊ जनांचं झालं का?"

तिनं माझ्याकडं तोंड केलं होतं. डोळे उघडे होते आणि थोडे चुकून माझ्या खांद्याकडं बघत होते. तिच्या तोंडावर एवढंच होतं की हे एक ऐकलं म्हणजे झालं. बावीस किलोमीटर घोकलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. तिचं एवढं गेलं, मग ते कशासाठी गेलं हे तरी तिच्याकडं राहू दे, असं मला वाटलं. निदान त्या क्षणी तसंच वाटलं. भित्रेपणाला नेहमी चांगलं नाव सापडतं.

"झालं, अव्वा," मी म्हणाले. "नवांचंही झालं."

तिनं कपाळाला हात लावून कुठल्यातरी देवाला नमस्कार केला. "बरं झालं. देवच पावला म्हनायचा." नारळाची शेंडी ती बोटांनी पिंजत राहिली. रस्त्यावरून वैरणीची बैलगाडी खडखडत गेली. मग तिनं हळूच विचारलं, "म्हंजे गाडी आल्ती?"

मला आता मागं फिरता येत नव्हतं. "व्हय."

"मग मला का न्हाय नेलं?"

आवाजात राग नव्हता. शेजारच्या घरी हळदीकुंकवाला आपल्याला का बोलावलं नाही असं कुणी विचारावं, तसं तिनं विचारलं.   खरं सांगितलं तर तिनं कुणासाठीच डोळा घालवला नाही. खोटं सांगितलं तर आम्ही नऊ जणांना नेलं आणि तिला फाट्यावर लिंबाखाली बसवून ठेवलं. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, आणि मी अडलेय हे बघून, म्हणजे ऐकून, मला वाट करून द्यावी तसं स्वतःच म्हणाली, "जागा नसंल."

"व्हय, अव्वा," मी म्हणाले. "जागा नव्हती."

तिनं मान हलवली.  मग माझ्या हातावर हळू थोपटत म्हणाली, "सांगायचं न्हाय का, तंगी. म्या खाली बसले असते."